हृदयाचा सांडवा

"बंद केलं का पाडलं?"

कचेरीतल्या भाऊसाहेबांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं. माझं वैद्यकीय बिल त्यांच्या टेबलावर अडकलं होतं. डिस्चार्ज कार्डावर हृदयाच्या पडद्याला छिद्र केल्याचं लिहिलेलं, आणि त्यांच्याकडं आजवर आलेली सगळी बिलं छिद्र बुजवल्याची.

"पाडलं," मी म्हटलं.

"मुद्दाम?"

"हो. मुद्दाम."

पलीकडं जरा वेळ सामसूम. मग म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांचं एक पत्र जोडा. लिहिताना चूक झालेली नाही, असं."

पत्र जोडलं, बिल पुढं सरकलं. पण हाच प्रश्न मला शेजारणींनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी, माझ्या सख्ख्या मावशीनंही विचारलाय. मावशी तर म्हणाली, "अगं, लोक भोक बुजवायला मुंबईला जातात, तू पाडून आलीस?" दर वेळी पहिल्यापासून सांगताना मला दम लागतो, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. म्हणून एकदाच लिहून काढते.

मी साताऱ्यात राहते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. 2019 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा जाणवलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात पोचल्यावर हजेरी घेता येत नाही. मी फळ्यावर तारीख लिहायचं निमित्त करून पाठमोरी उभी राहायचे आणि श्वास जागेवर आला की वळायचे. पोरं हुशार. एकानं सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज तारीख एवढी हळू का लिहिता?"

आधी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. मग दमा ठरवून पंप दिला, तो मी दीड वर्ष इमानेइतबारे ओढला. मधे करोना आला, तेव्हा सगळ्या धापेचं खापर त्याच्यावर फुटलं. एकानं "घरात काही टेन्शन आहे का?" असं ह्यांच्यादेखत विचारलं, त्याचं उत्तर मी ह्यांच्याकडं बघून टाळलं. मार्च 2021 मध्ये जिन्याच्या सतराव्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पडले. सतरावी हे नक्की, कारण त्या काळात मी पायऱ्या मोजतच चढायचे. शुद्धीवर आले तेव्हा शिपाईमामा तोंडावर पाणी मारत होते आणि माझ्या डाव्या हातात खडू तसाच होता.

त्या पडण्यानं निदान झालं. एको करणाऱ्या डॉक्टरांनी मशीनचा तो थंडगार गोळा छातीवर एकाच जागी बराच वेळ धरून ठेवला, तेव्हाच मी समजले. हृदयाची उजवी बाजू फुगलेली होती आणि डावी तिच्याखाली दबून इंग्रजी डी सारखी चपटी झालेली. उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडं ढकलते. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद झाल्या, की तिला फार जोर लावावा लागतो आणि शेवटी ती थकते. हे पल्मनरी हायपरटेन्शन. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या बीपीचा याच्याशी संबंध नाही; माझं ते बीपी कायम कमीच. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या 14 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि 20 च्या वर गेला की आजार धरतात. मानेच्या शिरेतून नळी घालून मोजला तेव्हा माझा 58 निघाला.

मग कारण शोधायला सुरुवात झाली. फुप्फुसात जुन्या गुठळ्या आहेत का, याचं स्कॅन झालं. त्या असत्या तर ऑपरेशननं काढता आल्या असत्या. लिव्हर, थायरॉइड, संधिवाताच्या कुळातले आजार, एचआयव्ही, सगळं तपासलं. आणि हृदयात जन्मजात भोक आहे का, हेही. त्यासाठी हाताच्या शिरेतून बुडबुडे घुसळलेलं सलाईन सोडतात आणि ते डाव्या बाजूला पोचतं का, हे एकोवर बघतात. माझे बुडबुडे सगळे उजवीकडंच राहिले. पडदा अभंग.

"बरंच झालं की," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "असतं, तर एका अर्थी बरं झालं असतं." तेव्हा मला त्याचा काही उलगडा झाला नाही.

कारण सापडलं नाही. अशा वेळी आजाराच्या नावामागं इडियोपॅथिक लावतात. मराठीच्या बाईला त्याचा अर्थ शोधल्याशिवाय चैन पडेना. अर्थ निघाला, 'कारण ठाऊक नाही'. ग्रीकमध्ये लिहिलं की फाइलवर भारदस्त दिसतं, एवढंच.

गोळ्या सुरू झाल्या. पहिली सिल्डेनाफिल, दिवसातून तीनदा. ही गोळी जगात दुसऱ्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. हे चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. तिथला पोरगा चिठ्ठी बघून, नव्वद गोळ्यांचा आकडा बघून, मग ह्यांच्याकडं बघून हसला. हे घरी येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी तू जा." मी गेले, तर त्यानं मान वर केली नाही. पुढं आमची ओळख झाली आणि आता तोच स्टॉक संपत आला की फोन करतो. तिच्या जोडीला बोसेन्टन होती, जिच्यासाठी दर महिन्याला लिव्हरची तपासणी. लघवीच्या गोळ्या, पाणी मोजून, मीठ जवळपास बंद. महाबळेश्वरला जायचं नाही; 1,372 मीटर उंचीवरची विरळ हवा मला परवडणारी नाही. सातारकराला महाबळेश्वर बंद म्हणजे काय, ते सातारकरालाच कळेल. पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं, हा प्रश्न उरतो.

आणि दुसरं मूल नाही. गरोदरपणाचा भार असं हृदय पेलत नाही आणि त्यातल्या काही गोळ्या गर्भाला घातक. हे आईंना, म्हणजे सासूबाईंना, कसं सांगायचं याचा घोर मला आजारापेक्षा जास्त होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि "चिऊ आहे की," म्हणून त्या कणीक मळायला गेल्या. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

दोन वर्षं बरी गेली. 2023 च्या दिवाळीनंतर पाय सुजायला लागले. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि मिनिटभर भरून यायचा नाही. गोळ्या बदलल्या, तिसरी वाढवली. सेलेक्सिपॅग तिचं नाव. तिनं जेवणाचा पहिला घास चावताना जबडा असा ठणकायचा, की चिऊ विचारायची, "आई, चिंच खाल्लीस?" त्यापुढची पायरी म्हणजे पोटाच्या कातडीखाली बारीक सुई कायम ठेवून पंपातून चोवीस तास औषध. त्याचा महिन्याचा खर्च ऐकल्यावर ह्यांनी खिशातली डायरी काढली, काहीच लिहिलं नाही आणि परत ठेवली. फुप्फुस बदलण्याचा विषय निघाला. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत सोटाटरसेप्ट नावाच्या नव्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, ती बातमी माझ्या भाच्यानं मला तीन वेळा पाठवली. बातमी खरी होती. पण मी त्याच आठवड्यात न्हाणीघरात दोनदा चक्कर येऊन पडले होते.

एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या रुग्णालयात आम्हाला समोर बसवून डॉक्टरांनी नवा विषय काढला. आम्ही म्हणजे मी, हे आणि आप्पा. आप्पा माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ते सोबत येतात, पण बोलत नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

डॉक्टरांनी कागदावर चार खोल्या काढल्या. वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर पेनानं टिंब दिलं. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या इथं दार असतं, म्हणाले. बाळाची फुप्फुसं तेव्हा बंद, म्हणून रक्त या दारातून परस्पर डावीकडं जातं. जन्मल्यावर ते मिटतं. चारांतल्या एकाचं मोठेपणीही किंचित किलकिलं राहतं आणि त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. माझं घट्ट बुजलेलं. ते त्यांना परत उघडायचं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे घाणेरडं रक्त चांगल्यात मिसळणार?"

"मिसळणार. तुमचं सॅच्युरेशन कमी होणार. ओठ जरा निळसर दिसतील."

यावर हे गप्प, मी गप्प. आणि कधी न बोलणारे आप्पा बोलले.

"म्हणजे सांडवा."

डॉक्टर मूळचे मराठवाड्यातले, त्यांना लगेच कळलं. "अगदी बरोबर, आप्पा. सांडवाच."

आप्पांची निम्मी नोकरी कोयनेकाठी गेलेली. धरण 105 टीएमसीचं, त्याला सहा वक्र दरवाजे, आणि पावसाळ्यात ते किती फुटांनी उचलायचे यावर पाटणपासून कऱ्हाड-सांगलीपर्यंत लोकांची झोप अवलंबून. दरवाजे पाणी वाया घालवायला कोणी उचलत नाही. भिंत राहावी म्हणून उचलतात. आप्पांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, आणि तो ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"उचलणार किती?"

सगळी मेख तिथंच होती. 1983 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी हा उपाय पहिल्यांदा झाला, तेव्हा पात्याच्या नळीनं पडदा कापत. छिद्र मोठं झालं तर एकदम इतकं अशुद्ध रक्त डावीकडं घुसायचं, की माणूस टेबलावरच जायचा. 1998 मध्ये मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं फुगा फुगवायची पद्धत मांडली: आधी बारीक, मग थांबून मोजायचं, मग थोडा मोठा. सॅच्युरेशन दहा टक्क्यांनी उतरलं की थांबायचं. डाव्या बाजूचा दाब 18 च्या वर चढला तरी थांबायचं.

"आणि पाणी आधीच फार चढलेलं असलं तर?" आप्पा.

"तर आम्ही हातच लावत नाही. उजव्या वरच्या कप्प्यातला दाब वीसच्या वर असला, तर दार उघडताच लोंढा येतो. सूनबाईंचा चौदा आहे. आणखी उशीर झाला, तर मीच नाही म्हणेन."

हे मात्र विचारत होते की ऑक्सिजन कमी करून माणूस बरा कसा होईल. डॉक्टर म्हणाले, माण-खटावला टँकर जातात ना? आत्ता तुमचा टँकर काठोकाठ भरलेला आहे, पण दिवसाला दोनच खेपा होतात. आपण टँकर थोडा कमी भरायचा आणि खेपा वाढवायच्या. गावाला पाणी एकूण जास्तच मिळेल. जिन्यावर चक्कर यायची ती मेंदूकडं रक्तच पुरेसं जात नव्हतं म्हणून. आता उजवीकडं तुंबलेलं रक्त डावीकडं येईल आणि निदान पुढं तरी जाईल. पण फुप्फुसाचा आजार आहे तिथंच राहणार, हे त्यांनी त्या दिवशी तीनदा सांगितलं. आजार बरा करण्यासाठी हे नाही, तर पुढचे दिवस चालते-बोलते जावेत आणि फुप्फुस मिळेपर्यंत वेळ मिळावा म्हणून आहे. फाइलवर त्यांनी पॅलिएटिव्ह लिहिलं. हा शब्द मी तोवर कॅन्सरच्या वॉर्डाबाहेरच वाचला होता. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

आणखी एक वाट होती, पॉट्स शंट. तिची गोष्ट मला फार आवडली. विलिस पॉट्स नावाच्या शिकागोच्या सर्जननं 1946 मध्ये निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी महाधमनी आणि डाव्या फुप्फुसाची धमनी एकमेकींना जोडायचं ऑपरेशन काढलं. त्या बाळांच्या फुप्फुसाकडं रक्त कमी जायचं, ते जास्त जावं म्हणून. पुढं ते मागं पडलं. मग 2004 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी हाच जोड नेमक्या उलट कामासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं: माझ्यासारखा आजार असलेल्या दोन मुलांमध्ये, फुप्फुसाकडचं तुंबलेलं रक्त महाधमनीत सोडायला. त्यातली खुबी अशी, की तो जोड मेंदूकडं आणि हातांकडं जाणाऱ्या फाट्यांच्या पुढं असतो. त्यामुळं डोक्याला शुद्ध रक्तच मिळतं, निळे पडतात ते पाय. चेन्नईत हे छाती न उघडता नळीतूनही केलेलं आहे. पण त्याला फुप्फुसातला दाब महाधमनीपेक्षा वरचढ लागतो, नाहीतर प्रवाह उलटाच वाहील. माझ्या फुप्फुसात वरचा दाब 88, महाधमनीत 106. "सांडव्याची पातळी धरणाच्या वर बांधून काय उपयोग?" हे आप्पा. त्या दिवशी त्यांना कोणी थांबवू शकत नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी दाखल झाले. पहिले चार दिवस शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढलं; वजन पाच किलो उतरलं. हिमोग्लोबिन 10.8 होतं म्हणून लोहाचं इंजेक्शन चढवलं. टँकर कमी भरायचे तर निदान टाकी तरी फुटकी नको, असं तिथली रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मुलगी, म्हणाली. माझ्या आजारात एव्हाना सगळेच पाण्यात बोलायला लागले होते.

पूर्ण भूल देणार नव्हते. या आजारात भूल हाच मोठा धोका. झोपवताना बीपी पडलं, तर हृदय परत सावरत नाही. म्हणून थोडंसं गुंगीचं औषध, मांडीच्या सांध्याशी बधिर करणारं इंजेक्शन, आणि मी जागी. कॅथलॅब इतकी गार, की दात वाजत होते. सिस्टरनं दोन ब्लँकेटं घातली आणि कानाशी येऊन म्हणाली, "ताई, काहीही झालं तरी खोकायचं नाही. खोकला आलाच तर आधी बोट वर करा." गळ्यात नेमका तेव्हाच खवखवायला लागलं.

उजव्या जांघेतून नळी गेली. डाव्या बाजूनं धमनीत दुसरी, डावीकडचा दाब मोजायला. दुखलं ते सुरुवातीच्या टोचण्याचंच. आत काही जातंय हे कळत नाही. फक्त नळीचं टोक हृदयाच्या भिंतीला लागतं तेव्हा छातीत मासोळी उलटल्यासारखं होतं आणि मॉनिटरचा ठेका चुकतो. मी मान वळवून पडद्यावर बघत होते. एक वाकडी लांब तार करड्या सावलीत हळूहळू चढत होती. एको करणारी बाई माझ्या छातीवर वाकून "अजून खाली... अजून... हां" असं म्हणत होती. मग सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यावरून कळलं की सुई आता टेकली आहे.

"टोचतोय," डॉक्टर म्हणाले.

टचकन काहीतरी झालं, खरं तर काहीच झालं नाही. पडद्यावर सुईच्या टोकापुढं शाईचा धूर उठला, तो पलीकडच्या खोलीत. एको करणारी बाई म्हणाली, "आहोत डावीकडे."

मग फुगा. पहिला चार मिलिमीटरचा. डमरूसारखी आकृती पडद्यावर दिसायची, मधे कंबर, आणि फुगा पूर्ण फुगला की कंबर मोडायची. मग नळ्या सोडून सगळे उभे राहायचे आणि तीन मिनिटं वाट बघायची. त्या तीन मिनिटांत कोणी कोणाशी बोलत नाही. फक्त एक मुलगा आकडे वाचतो.

"पंच्याण्णव... चौऱ्याण्णव... चौऱ्याण्णव."

आठचा फुगा. "ब्याण्णव... एक्क्याण्णव... नव्वद... नव्वद." डावा दाब अकरा. उजवा चौदाचा बारा झाला होता.

इथं थांबायचं की पुढं जायचं, यावर दोन डॉक्टरांत हळू आवाजात बोलणं झालं. मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं आणि मी मनात आप्पांना विचारत होते, दीड फूट की दोन. दहाचा घेतला. या वेळी छातीत आवळून आलं आणि मी बोट वर केलं. सिस्टरनं ते हातात धरून ठेवलं.

"अठ्ठ्याऐंशी... सत्त्याऐंशी... शहाऐंशी... शहाऐंशी... सत्त्याऐंशी."

"बास," डॉक्टर म्हणाले. "काढा सगळं."

एवढंच. पंच्याण्णवच्या शहाऐंशीवर आणि परत सत्त्याऐंशीवर. टेबलावर असेपर्यंत मला वाटत होतं की आता काहीतरी मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. लघवीला लागली होती.

पाय सरळ ठेवून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत जेवणाचं ताट आलं, तेव्हा उठून बसताना डोळ्यांपुढं अंधारी आली नाही. ती न आल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. चपातीचा दुसरा तुकडा मोडताना आलं. सहा मिनिटांच्या चालण्याच्या परीक्षेत आधी मी 240 मीटरवर भिंत धरायचे. महिन्यानं त्याच कॉरिडॉरमध्ये 315 झाले. फार नाहीत, माझी पोरं तेवढं खो-खोच्या दोन डावांत पळतात. पण स्वयंपाकघर ते न्हाणीघर ते गॅलरी हा हिशेब त्यात बसतो.

घरी आले तेव्हा जून उजाडला होता. चिऊनं माझ्याकडं बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले. "मला न देता जांभळं खाल्लीस?" मी आरशात बघितलं. ओठांना खरंच जांभळीची झाक. आईंनी लगेच बाजारातून जांभळं मागवली आणि सगळ्यांनी खाल्ली, त्यामुळं त्या दिवशी घरात सगळ्यांचीच तोंडं सारखी दिसत होती.

आता एक गोष्ट जरा तपशिलानं सांगते, कारण हा उपाय झालेल्यांना तिचा उपयोग होईल. आपल्या शिरेत हवेचा बारीकसा बुडबुडा गेला, तर तो उजवीकडून फुप्फुसात जातो आणि तिथं अडकून विरतो. फुप्फुस ही गाळणी आहे. माझ्या रक्ताला आता गाळणी चुकवणारी वाट आहे. बुडबुडा किंवा गुठळी त्या वाटेनं सरळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनं मला खुर्चीत बसवून सलाईनच्या नळीवर टिचक्या मारून बुडबुडे वर कसे घालवायचे, हे शिकवलं, आणि नळीत मधे लावायची दोन रुपयाएवढी गोल गाळणी दाखवली. तशा दोन माझ्या पर्समध्ये असतात, लिपस्टिकच्या जागी.

ऑगस्टमध्ये जुलाबानं बेजार होऊन मी जवळच्या दवाखान्यात गेले. बाहेर मरणाचा पाऊस. टीव्हीवर कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी चालू, आणि आप्पा बाकड्यावर बसून तीच ऐकत होते. कंपाउंडरनं बाटली टांगली आणि नळी जोडायला लागला. नळीत हरभऱ्याएवढा बुडबुडा, त्याच्या मागं मोहरीएवढे चार-पाच.

"थांबा, हवा आहे."

"अहो मॅडम, एवढ्याशानं काय होतंय? वीस वर्षं लावतोय."

त्याचंही बरोबर होतं. इतरांना काही होत नाही. मी हात मागं घेतला आणि पर्समधून गाळणी काढली. तो गाळणीकडं बघतोय, मी त्याच्याकडं, रांगेतली माणसं आम्हा दोघांकडं. तेवढ्यात आप्पा उठले. कंपाउंडरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाले, "बाळ, हिच्या धरणाचा दरवाजा उघडा आहे. वरनं जे येईल, ते थेट गावात शिरतंय." त्याला काय कळलं देव जाणे. पण त्यानं नळी काढली, टिचक्या मारून मारून शेवटचा मोहरीएवढा बुडबुडाही घालवला आणि मग गाळणी लावली. आता मी त्या दवाखान्यात दिसले, की तो आधी नळी उजेडाकडं धरून मला दाखवतो.

ऑक्सिमीटरचं मात्र घरात कोणालाच पटत नाही. करोनात सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, की आकडा वर म्हणजे माणूस बरा. माझा 87-88 असतो आणि मी भाकऱ्या थापत असते. या दिवाळीनंतर तो चढायला लागला. 90, 91, मग 93. हे खूश. ह्यांनी आकड्याचा फोटो काढून माझ्या भावाला पाठवला. मी घोट्यावर अंगठा दाबून बघितला. खड्डा.

मुंबईत एको झाला. दार आकसलंय, दहाचं पाचवर आलंय. शरीर ते परत बुजवायला बघतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फुप्फुसासाठी माझं नाव यादीत लागलेलं आहे, पण यादी तिच्या गतीनं चालते. तोवर पुन्हा एकदा फुगा, जानेवारीत. आप्पांना सांगितलं तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "गाळ धरतोच," म्हणाले, आणि पिशवी कुठं ठेवलीय ते विचारायला लागले.

या वेळी मी कचेरीत आधीच फोन करून ठेवलाय. भाऊसाहेबांनी नाव ओळखलं.

"बोला मॅडम. बंद झालं का?"

"झालंय थोडं. म्हणून परत पाडायचंय."

त्यांनी एक सुस्कारा टाकला. "डॉक्टरांचं पत्र आधीच आणा," म्हणाले. "दोन प्रतींत."